नौका-सर्वेक्षण आणि नौकाविमा

नौका-सर्वेक्षण आणि नौकाविमा : नौकेची काया, यंत्रे व सामग्री यांची तज्ज्ञाने केलेली पाहणी म्हणजे नौका-सर्वेक्षण, तर ठरावीक हप्ता घेऊन नौकेच्या हानीची जोखीम दुसऱ्याने पत्करण्याचा करार म्हणजे नौकाविमा होय. हे दोन स्वतंत्र व्यवसाय असले, तरी ऐतिहासिक दृष्ट्या ते एकाच अडचणीतून निर्माण झाले. जोखीम पत्करणारा आपल्या पेढीवर बसलेला असतो. नौका मात्र दूरच्या बंदरात किंवा भर समुद्रात असते. तिच्या फळ्या कुजल्या आहेत काय, डोलकाठीला चीर गेली आहे काय, नांगराचे साखळदंड झिजले आहेत काय, हे मालकाला व तांडेलाला ठाऊक असते. विमा उतरविणाऱ्याला ते ठाऊक नसते. माहितीतील ही तफावत भरून काढण्यासाठी नौकेकडे त्रयस्थाच्या नजरेने पाहणारा सर्वेक्षक पुढे आला. त्याचा अहवाल कोणासाठी असतो, विमाकारासाठी, मालकासाठी, नौका विकत घेणाऱ्यासाठी की तीवर पाय ठेवणाऱ्या खलाशासाठी, हा प्रश्न मात्र प्रारंभापासून वादाचा राहिला आहे. मोठ्या व्यापारी जहाजांच्या बाबतीत उद्‌भवलेला हा प्रश्न पुढे क्रीडा व सहलीसाठी वापरल्या जाणाऱ्या यॉट या नौकांच्या मालकांपुढेही उभा राहिला.

प्राचीन काळी विम्याचे कार्य नौकातारणावरील कर्जाने होत असे. व्यापाऱ्याने नौका किंवा माल तारण ठेवून कर्ज घ्यावयाचे, नौका सुखरूप पोहोचल्यास ते जबर व्याजासह फेडावयाचे आणि ती बुडाल्यास कर्ज माफ, अशी ही पद्धत होती. तिच्यातील धोका ग्रीक लोकांनी लवकरच अनुभवला. डिमॉस्थिनीझच्या नावावर असलेल्या इ. स. पू. चौथ्या शतकातील एका न्यायालयीन भाषणात हेगेस्ट्राटस या मॅसिलियाच्या (आताचे मार्से) नौकामालकाची हकीकत आली आहे. त्याने व त्याच्या साथीदाराने सिराक्यूज येथे कर्जे काढून पैसा मायदेशी पाठविला. नंतर धान्याने भरलेली नौका अथेन्सकडे निघाली असता एका रात्री हेगेस्ट्राटस तिच्या तळाशी उतरला व तळाला भोक पाडू लागला. आवाजाने उतारू जागे झाले. पकडला जाण्याच्या भीतीने त्याने मागून ओढल्या जाणाऱ्या होडीत उडी घेतली, परंतु ती चुकून तो बुडाला. नौका मात्र सेफालोनिया बेटाला सुखरूप लागली. नौका बुडण्यात मालकाचा लाभ असू शकतो, ही विम्याच्या इतिहासातील सर्वांत अवघड बाब या प्रकरणात स्पष्टपणे दिसून येते.

प्राचीन भारतीय ग्रंथांत या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिलेले आढळते. कौटिलीय अर्थशास्त्रात नावध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना, पुरेशी माणसे व उपकरणे नसल्यामुळे किंवा डागडुजी न केल्यामुळे नौका नष्ट झाल्यास नुकसानीची भरपाई नावध्यक्षाने करावी, असे म्हटले आहे. मनुस्मृतीत नावाड्यांच्या दोषाने झालेले नुकसान नावाड्यांनी मिळून भरून द्यावे, परंतु दैवी आपत्तीबद्दल त्यांना दंड नाही, असा भेद केलेला आहे. नौकेतील दोष आणि समुद्राचा कोप यांतील हाच भेद पुढे युरोपीय विमाविषयक कायद्याच्या केंद्रस्थानी आला. सतराव्या शतकात सुरतेचे सराफ मालाचा विमा उतरवीत. मराठीतील ‘विमा’ हा शब्दही फार्सीतून आलेला आहे.

लंडनमधील विमाव्यवहार : कर्जापासून वेगळा, केवळ हप्ता घेऊन केलेला सागरी विमा चौदाव्या शतकात इटलीच्या बंदरांत रूढ झाला. १३४७ मधील जेनोआ येथील करार हा अशा करारांच्या उपलब्ध नमुन्यांपैकी एक प्राचीन नमुना समजला जातो. तेथून ही प्रथा बार्सेलोना, अँटवर्प व लंडन येथे पसरली. इंग्‍लंडमध्ये १६०१ साली याविषयी कायदा झाला. त्याच्या प्रास्ताविकात, विम्यामुळे हानी थोड्या लोकांवर जड भार न टाकता अनेकांवर हलकेपणे विभागली जाते, अशा आशयाचे विवेचन आहे.

लंडनमध्ये एडवर्ड लॉइड (मृत्यू १७१३) याच्या कॉफीगृहाचा पहिला उल्लेख १६८८ सालचा असून, १६९१ मध्ये ते टॉवर स्ट्रीटवरून लाँबर्ड स्ट्रीटवर गेले. तेथे नाखवे, मालक व व्यापारी जमत आणि विम्याच्या कागदाखाली आपापली नावे लिहून जोखमीचा हिस्सा उचलीत. १७२० च्या कायद्याने सागरी विम्याचा अधिकार दोन सनदी कंपन्यांपुरता मर्यादित केला, परंतु व्यक्तींना त्यातून वगळले. त्यामुळे कॉफीगृहातील वैयक्तिक व्यवहाराला उलट बळच मिळाले. कोणताही हितसंबंध नसताना परक्या नौकेवर विमा उतरविण्याची, म्हणजे वस्तुतः जुगाराची, प्रथा इतकी फोफावली की १७४५ च्या कायद्याने तिला बंदी करावी लागली.

विमाकाराच्या अज्ञानाला कायद्याची दखल मिळवून देण्याचे श्रेय न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांना दिले जाते. सुमात्रातील फोर्ट मार्लबरो या किल्ल्याच्या विम्यासंबंधी १७६६ साली दिलेल्या निर्णयात त्यांनी असे प्रतिपादन केले, की जोखमीविषयीची विशेष माहिती बहुधा विमा घेणाऱ्यापाशीच असते. म्हणून ती न लपविता सांगणे हे त्याचे कर्तव्य होय. परम सद्‌भावाचे तत्त्व म्हणून हे तत्त्व प्रसिद्ध आहे. गंमत अशी, की त्या खटल्यात विमाकारच हरला. किल्ल्याची स्थिती व त्यावरील संभाव्य हल्ल्याची शक्यता लंडनमध्ये बसूनही त्याला अजमावता आली असती, असे न्यायालयाला आढळले. परंतु सद्‌भावाने प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. नौकामालक प्रामाणिक असला, तरी फळीच्या आत शिरलेली कूज त्याला स्वतःलाही दिसलेली नसते.

नौकानोंदवह्या व दर्जा : कॉफीगृहातील गिऱ्हाइकांनी १७६० मध्ये एक मंडळ स्थापून नौकांची नोंदवही काढावयास सुरुवात केली. उपलब्ध असलेली तिची सर्वांत जुनी प्रत १७६४ सालची आहे. प्रत्येक नौकेचे नाव, मालक, नाखवा, आकारमान, तोफा, बांधणीचे स्थळ व वर्ष यांच्यासोबत तिचा दर्जा दाखविणारी खूण तीत असे. काया ए, ई, आय, ओ, यू या स्वरांनी आणि सामग्री चांगली, मध्यम वा वाईट या अर्थाच्या आद्याक्षरांनी दर्शविली जाई. १७७५ च्या सुमारास सामग्रीसाठी आकडे वापरात येऊन सर्वोत्तम नौकेला ‘ए १’ ही खूण मिळू लागली. मराठी बोलण्यातही उत्तम वस्तूला ‘ए-वन’ म्हणण्याची लकब आहे. तिचे मूळ जहाजाच्या लाकडाच्या या परीक्षेत आहे. ही वही छापील असली, तरी गुप्त होती. वर्गणीदार विमाकारांखेरीज इतरांच्या हाती ती पडू नये, याची काळजी घेतली जाई. ज्या मालकाच्या नौकेला हलका दर्जा दिला, त्याला तो का दिला हे कळण्याची सोय नव्हती.

यातूनच अठराव्या शतकाच्या अखेरीस कलह उद्‌भवला. विमाकारांच्या मंडळाने नौकेची प्रत्यक्ष स्थिती गौण ठरवून तिचे वय व बांधणीचे ठिकाण यांवरून दर्जा ठरविण्याचा नियम केला. थेम्सकाठी बांधलेल्या नौकांना पहिला दर्जा अधिक वर्षे मिळे, अन्य बंदरांत बांधलेल्यांना कमी. उत्तम निगा राखलेली नौकाही ठरावीक वय होताच खालच्या दर्जात जाई आणि निष्काळजी मालकाची नवी नौका वरच्या दर्जात राही. संतापलेल्या नौकामालकांनी १७९९ मध्ये आपली स्वतंत्र नोंदवही काढली. विमाकारांची ती हिरवी वही आणि मालकांची ती तांबडी वही, अशा दोन वह्या तीस वर्षांहून अधिक काळ परस्परांशी स्पर्धा करीत राहिल्या. एकच नौका एका वहीत चांगली व दुसरीत सामान्य असू शके. साहजिकच दोहोंची विश्वासार्हता ढासळली व दोन्ही संस्था डबघाईस आल्या.

अखेर १८३४ मध्ये दोन्ही वह्या एकत्र करून लॉइड्झ रजिस्टर ही संस्था नव्याने उभारण्यात आली. तिच्या समितीत व्यापारी, नौकामालक व विमाकार या तिन्ही गटांना स्थान मिळाले. बांधणी व पाहणीचे नियम प्रसिद्ध झाले. संस्थेने स्वतःचे सर्वेक्षक नेमले. पाहणीचे शुल्क नौकामालकाकडून घेण्याचे ठरले. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याकडूनच परीक्षकाचे वेतन यावे, ही व्यवस्था तेव्हापासून सर्वत्र रूढ झाली आणि तिच्यावरील टीकाही तेव्हापासूनचीच आहे. नावसाधर्म्यामुळे लॉइड्झ हा विमाबाजार आणि लॉइड्झ रजिस्टर ही वर्गीकरण संस्था एकच असल्याचा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः १८३४ नंतरच्या काळात त्या दोन पूर्णपणे स्वतंत्र संस्था आहेत. यूरोपात व अमेरिकेत अशाच संस्था निघाल्या : ब्यूरो व्हेरितास (अँटवर्प, १८२८), इटलीतील रीना (१८६१), अमेरिकन ब्यूरो ऑफ शिपिंग (१८६२), नॉर्वेतील नॉर्स्के व्हेरितास (१८६४) आणि गेर्मानिशर लॉइड (१८६७) या त्यांपैकी प्रमुख होत.

नव्या नियमांत लाकडाच्या जातीला मोठे महत्त्व होते. इंग्लिश ओकच्या बरोबरीने पूर्वेकडील सागाला वरच्या श्रेणीत स्थान देण्यात आले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागाच्या बांधलेल्या नौकांचा टिकाऊपणा तोवर सर्वांच्या प्रत्ययास आला होता. १८१७ मध्ये मुंबईस पाण्यात उतरविलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जपून ठेवलेली आहे. थेम्सकाठच्या बांधणीला झुकते माप देणाऱ्या जुन्या नियमांना याहून बोलके उत्तर सापडणे कठीण.

विमा आणि खलाशांचे प्राण : दर्जा घेणे ऐच्छिक होते. जीर्ण नौकेचा मालक पाहणीच्या भानगडीत न पडता जादा हप्ता भरून विमा उतरवू शके. आणि नौकेच्या मोलाहून अधिक रकमेचा विमा उतरविला, तर हेगेस्ट्राटसप्रमाणे तळाला भोक पाडण्याचेही त्याला कारण नव्हते, वादळ ते काम करीत असे. अशा नौकांना ‘शवपेटी-जहाजे’ असे नाव पडले होते. माल व काया यांचा विमा होता. खलाशाच्या जिवाचा नव्हता. करार करून नौकेवर चढण्यास नकार देणाऱ्या खलाशांना तुरुंगात जावे लागे. डर्बीचे संसदसदस्य सॅम्युएल प्लिमसॉल (१८२४–९८) यांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहून या प्रकाराला वाचा फोडली. जुलै १८७५ मध्ये सरकारने संबंधित विधेयक मागे घेताच संसदेत त्यांनी केलेल्या संतप्त वर्तनाने देश ढवळून निघाला व त्याच वर्षी तात्पुरता कायदा झाला. १८७६ च्या कायद्याने नौकेच्या बाजूवर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. परंतु ती कोठे काढावयाची, हे मालकावरच सोपविलेले होते. रेषेचे स्थान कायद्याने निश्चित होण्यास १८९० साल उजाडले. लॉइड्झ रजिस्टरचे प्रमुख सर्वेक्षक बेंजामिन मार्टेल यांनी तयार केलेले तक्ते त्यासाठी उपयोगी पडले. विमाकारांच्या सोयीसाठी निर्माण झालेले सर्वेक्षण अशा रीतीने जीवरक्षणाच्या कामी आले, पण त्यासाठी कायद्याची सक्ती आवश्यक ठरली.

यॉट नौकांचे सर्वेक्षण : यॉट हा शब्द शिकारीसंबंधीच्या डच शब्दावरून आला असून, तो प्रथम वेगवान हलक्या नौकांना लावीत. १६६० मध्ये ॲम्स्टरडॅम शहराने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास ‘मेरी’ ही यॉट नजर केली आणि इंग्लंडमध्ये नौकाविहाराचा छंद रुजला. (पुढे शासकीय कामास लावलेली ही नौका १६७५ मध्ये अँगल्सीजवळ खडकावर आदळून बुडाली.) आयर्लंडमधील कॉर्क येथे १७२० मध्ये, तर लंडनमध्ये १८१५ साली यॉट-मंडळे स्थापन झाली, यांपैकी दुसऱ्याचे पुढे काउझ येथील रॉयल यॉट स्क्वॉड्रनमध्ये रूपांतर झाले. मुंबईतील रॉयल बाँबे यॉट क्लब १८४६ सालचा आहे.

यॉटच्या मालकाची स्थिती व्यापारी नौकामालकाहून वेगळी असते. तो बहुधा स्वतः, अनेकदा कुटुंबासह, तीवरून प्रवास करतो. त्यामुळे नौका बुडण्यात त्याचा लाभ क्वचितच असतो. पण तो व्यवसायाने नाखवा नसतो आणि लाकडातील, धातूतील वा सांध्यातील दोष ओळखण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शर्यतीच्या हव्यासाने नौका अधिकाधिक हलक्या बांधल्या जाऊ लागल्या व त्या लवकर हातोहात विकल्या जाऊ लागल्या. त्यामुळे विमाकार आणि गिऱ्हाईक या दोघांनाही खात्रीच्या माहितीची निकड भासू लागली. लॉइड्झ रजिस्टरने यॉटसाठी वेगळे नियम केले आणि १८७८ पासून यॉटची स्वतंत्र नोंदवही प्रसिद्ध केली. मालक, आकृतिकार, बांधणारा, शिडे शिवणारा अशा तपशिलांबरोबर क्लबांच्या निशाणांची रंगीत चित्रे देणारी ही वही १९८० पर्यंत चालू होती. अमेरिकन यॉटची वही १९०३ ते १९७७ या काळात निघत असे. १९०७ मध्ये शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय नियम झाले, तेव्हा त्या वर्गांतील नौका वर्गीकरण संस्थांच्या जाडी व मजबुतीविषयक नियमांनुसार बांधलेल्या असाव्यात, असे बंधन घालण्यात आले. एका शर्यतीपुरती टिकणारी कागदी नौका बांधण्याला त्यामुळे आळा बसला.

हे बंधन अनाठायी नव्हते, हे दोन अमेरिकन यॉटच्या कहाणीवरून दिसते. ‘अमेरिका चषका’च्या १८९५ मधील शर्यतीसाठी बांधलेल्या ‘डिफेंडर’ची काया पाण्याखाली ब्राँझची व वर ॲल्युमिनियमची होती, तर तिच्या फासळ्या पोलादी होत्या. खाऱ्या पाण्यात भिन्न धातू एकत्र आल्यास विद्युत्‌ घट निर्माण होऊन त्यांतील एक झपाट्याने खाल्ला जातो. ‘डिफेंडर’ने शर्यत जिंकली, पण १९०१ मध्ये ती मोडीत काढावी लागली. १९१५ मधील ‘सी कॉल’ची काया मोनेल या निकेल-तांबे मिश्रधातूची व सांगाड्याचे काही भाग पोलादी होते, ती काही महिन्यांतच निकामी झाली. हा धडा नवा नव्हता. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या नौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले होते. दोन वर्षांनी पाहणी केली, तेव्हा तांब्याला भिडलेले लोखंडी खिळे झिजून गेलेले आणि मध्ये कागदाचा अस्तर-थर राहिलेले खिळे शाबूत असल्याचे आढळले होते.

सर्वेक्षणाची पद्धती नौकेच्या द्रव्यानुसार बदलते. पाहणीसाठी नौका पाण्याबाहेर काढून तिचा तळ खरवडून स्वच्छ करतात. लाकडी नौकेत सर्वेक्षक टोकदार हत्याराने फळ्या टोचून कूज शोधतो, काही खिळे उपटून त्यांची झीज पाहतो आणि टेरेडो या लाकूड पोखरणाऱ्या मृदुकाय प्राण्याची बारीक छिद्रे हुडकतो. उष्ण समुद्रांत हा प्राणी विशेष उपद्रवी असून, बाहेरून अखंड दिसणारी फळी आतून चाळणीसारखी झालेली असू शकते. पोलादी नौकेच्या पत्र्याची जाडी पूर्वी जागोजागी भोके पाडून मोजीत. पुढे त्यासाठी श्राव्यातीत तरंगांचा उपयोग होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व रेझीन यांपासून साच्यात घडविलेल्या नौकांचा प्रसार झाला आणि नौका कुजणार नाही, असा विश्वास काही काळ निर्माण झाला. तथापि या द्रव्यातही पाणी झिरपून फोड येतात, थर सुटतात. त्यांची परीक्षा आर्द्रतामापकाने आणि अजूनही लहान हातोडीने ठोकून करतात. भरीव भागाचा नाद खणखणीत, तर थर सुटलेल्या भागाचा नाद बद्द येतो. मडके वाजवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या परीक्षेहून ही परीक्षा तत्त्वतः भिन्न नाही.

यॉटचा विमा व कायदा : ब्रिटनचा १९०६ चा सागरी विमा कायदा व त्याच्या धर्तीवरील भारताचा १९६३ चा कायदा यांनी सफरीचा विमा आणि मुदतीचा विमा असा भेद केला आहे. सफरीच्या विम्यात प्रवासारंभी नौका समुद्रयोग्य असल्याची हमी गृहीत धरली जाते. मुदतीच्या विम्यात अशी हमी गृहीत नसते. मात्र मालकाने जाणूनबुजून अयोग्य नौका समुद्रात पाठविली असेल, तर त्या अयोग्यतेमुळे झालेल्या हानीची भरपाई मिळत नाही. यॉटचे विमे साधारणतः वर्षाच्या मुदतीचे असतात. म्हणजे कायद्याने जी हमी दिली नाही, ती विमाकाराला अन्य मार्गाने मिळवावी लागते. जुन्या यॉटचा विमा उतरविताना वा नूतनीकरण करताना सर्वेक्षणाचा ताजा अहवाल आणि त्यात सुचविलेल्या दुरुस्त्या पूर्ण केल्याचा पुरावा मागण्याची प्रथा यातूनच पडली. नौका वर्षातील काही काळ बंद ठेवण्याची अटही विमापत्रात असते. थंड देशांत हा काळ हिवाळ्याचा. कोकणात पावसाळ्यापूर्वी गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवण्याची आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात लोटण्याची रीत विमापत्रांच्या फार पूर्वीपासून चालत आलेली आहे.

विमा समुद्राच्या आपत्तींचा असतो, झिजेचा नसतो. ‘इंचमरी’ या जहाजाचा पंप फुटल्याचे नुकसान समुद्रामुळे झालेले नाही, असा निर्णय १८८७ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने दिल्यावर, सुप्त दोषामुळे होणाऱ्या हानीची भरपाई देणारे एक विशेष कलम विमापत्रांत घालण्यात येऊ लागले. ते आजही त्या जहाजाच्या नावाने ओळखले जाते. त्यानुसार दोषामुळे झालेले अन्य नुकसान मिळते. परंतु सदोष भाग बदलण्याचा खर्च मालकाच्या माथी राहतो. ‘मिस जे जे’ या यंत्रचलित यॉटच्या प्रकरणात हा भेद अधिक सूक्ष्म झाला. १९८० मध्ये फ्रान्समधील दोव्हील येथून इंग्लंडला येताना तिच्या कायेचे नुकसान झाले. समुद्र काहीसा खवळलेला होता, पण आरेखन व बांधणीही सदोष होती; मालकाला याची कल्पना नव्हती. समुद्र आणि दोष ही दोन्ही जवळची कारणे असून विमापत्रात अशा दोषाला अपवाद केलेला नसल्याने विमाकाराने भरपाई द्यावी, असे अपील न्यायालयाने १९८७ मध्ये ठरविले. कायद्यातील माहिती देण्याच्या कडक कर्तव्यातही पुढे बदल झाला. ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने खाजगी ग्राहकावरील भार हलका केला असून, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाजवी काळजी घेऊन देणे एवढेच त्याचे कर्तव्य उरले आहे.

यॉट विकत घेणाऱ्याला सर्वांत महत्त्वाचा निर्णय १९९० मधील ‘मॉर्निंग वॉच’ प्रकरणातील होय. लॉइड्झ रजिस्टरच्या सर्वेक्षणात ही यॉट उत्तीर्ण झालेली पाहून ती विकत घेण्यात आली. नंतर तिची काया गंभीरपणे गंजलेली असल्याचे उघडकीस आले. खरेदीदाराने वर्गीकरण संस्थेवर लावलेला दावा न्यायालयाने फेटाळला. वर्गीकरणाचा हेतू समुद्रावरील सुरक्षितता हा आहे, खरेदीदाराच्या पैशाचे रक्षण हा नव्हे, आणि त्याच्याशी संस्थेचे कोणतेही नाते नाही, असे न्यायालयाचे मत पडले. तडे गेलेल्या ‘निकोलस एच’ या मालवाहू जहाजाला तात्पुरती दुरुस्ती करून पुढे जाण्यास एका संस्थेच्या सर्वेक्षकाने संमती दिली व ते बुडाले. त्यावरील मालाच्या धन्यांनाही हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९९५ मध्ये अशीच नकारघंटा ऐकविली. परिणामी दुसऱ्याने करविलेल्या पाहणीवर न विसंबता खरेदीदाराने स्वतःचा सर्वेक्षक नेमावा, हा व्यवहारातील रिवाज कायद्याने पक्का झाला. ज्याने शुल्क दिले त्यालाच अहवालाचा आधार घेता येतो आणि तोही अहवालात नमूद केलेल्या मर्यादांतच. न उघडलेल्या जागा पाहिल्या नाहीत, असे वाक्य बहुतेक प्रत्येक अहवालात असते.

भारतात ट्रायटन इन्शुअरन्स कंपनी (कलकत्ता, १८५०) व पुढे न्यू इंडिया ॲशुअरन्स (मुंबई, १९१९) यांसारख्या कंपन्यांनी सागरी विम्याचा व्यवसाय केला. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले व १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. मुंबईत १९७५ मध्ये इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही वर्गीकरण संस्था स्थापन झाली. तोवर भारतीय जहाजांना दर्जासाठी परदेशी संस्थांवरच अवलंबून राहावे लागे. येथील लहान नौकांच्या बाबतीत प्रश्न अर्थातच छंदाचा नसून पोटाचा आहे. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट १७ जुलै १९४७ रोजी उलटून सहाशेहून अधिक उतारू बुडाले, त्या घटनेची आठवण कोकणात अद्याप आहे. महाराष्ट्राच्या लहान बंदरांचा कारभार १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे.

सर्वेक्षणाच्या मर्यादा : सर्वेक्षक नौकेची स्थिती पाहतो, तिची घडणच मुळात समुद्राला पुरी पडणारी आहे काय, हा प्रश्न बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहतो. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत भाग घेतलेल्या ३०३ यॉट वादळात सापडून १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले, २४ नौका सोडून द्याव्या लागल्या व त्यांपैकी ५ बुडाल्या. चौकशीत काही आधुनिक हलक्या नौकांच्या स्थैर्याबद्दल व सुकाणूंबद्दल शंका उपस्थित झाल्या. स्थैर्याचे गणित यॉटच्या बाबतीतही आवश्यक आहे, हे त्यानंतर मान्य झाले. यूरोपीय संघाने १९९४ च्या निदेशानुसार नव्या क्रीडानौकांची समुद्र व वाऱ्याच्या जोरानुसार चार वर्गांत विभागणी केली. १९९८ पासून ती सक्तीची झाली.

मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्पटनला परतणाऱ्या ‘चीकी राफिकी’ या काचतंतूच्या यॉटचा तळकणा अटलांटिक महासागरात निखळला, नौका उलटली आणि चारही तरुण-प्रौढ खलाशी नाहीसे झाले. कायेला आतून चिकटविलेल्या चौकटीचा सांधा पूर्वीच्या तळ घासण्याच्या प्रसंगांनी व त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी कमकुवत झाला असावा, असा निष्कर्ष ब्रिटिश चौकशी शाखेने २०१५ च्या अहवालात मांडला. असा सांधा सुटू लागलेला ओळखणे वरवरच्या पाहणीत कठीण असते, याकडेही त्यात लक्ष वेधले होते. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिसिलीतील पोर्तिचेल्लोजवळ नांगरलेली ५६ मी. लांबीची ‘बेझियन’ ही यॉट वादळी झोताने आडवी होऊन बुडाली व तीवरील २२ पैकी ७ जणांचा अंत झाला. ती वर्गीकृत होती व तिची स्थैर्यविषयक पुस्तिका नौकेवर होती. शिडे उतरवलेली आणि तळपाते वर घेतलेले असताना ताशी ६३ सागरी मैलांहून अधिक वेगाचा वारा बाजूने आल्यास ती उलटू शकेल, असे चौकशी शाखेने मे २०२५ च्या अंतरिम अहवालात नमूद केले. ही बाब त्या पुस्तिकेत नव्हती. मालकाला व नौकेवरील कर्मचाऱ्यांना ती माहीत नव्हती.